नत्र, स्फुरद, पालाश

येडशीत पेरणीच्या दिवसांत खताच्या दुकानात उभं राहिलं की तीन शब्द हमखास कानावर पडतात: नत्र, स्फुरद, पालाश. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडलेला माणूसही ते सहज बोलतो. मराठी परिभाषा जड, ती रुळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

‘नायट्रोजन’ हे नाव फ्रेंच रसायनज्ञ शाप्ताल यानं १७९० मध्ये दिलं. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘नित्रॉन’ आणि त्याच्याही मागे इजिप्त. ममी वाळवायला जो खार वापरत, त्याचं हे नाव. इजिप्शियन लिपीत स्वर लिहीत नसत. या शब्दाची व्यंजनं साधारण न-त-र अशी. म्हणजे कानाला तरी आपला ‘नत्र’ इंग्रजीपेक्षा नाईलच्या जवळचा!

मला सगळ्यात आवडतो तो स्फुरद. १६६९ मध्ये हाम्बुर्गच्या हेनिंग ब्रांटनं सोनं मिळेल या आशेनं लघवी आटवली आणि उरलेला गाळ तापवला. हाती लागला अंधारात चमकणारा पदार्थ. ग्रीकमध्ये ‘फॉस्फोरस’ म्हणजे प्रकाश आणणारा; पहाटेच्या शुक्राचंही हेच नाव. संस्कृतात ‘स्फुर्’ म्हणजे थरथरणं, चमकणं. आवाज जुळला, अर्थही जुळला.

पालाशची गोष्ट राखेची आहे. लाकडाची राख पाण्यात कालवायची आणि ते पाणी भांड्यात आटवायचं. उरतो तो ‘पोटॅश’, शब्दशः भांड्यातली राख. हम्फ्री डेव्हीनं १८०७ मध्ये त्यातून वीज सोडून धातू वेगळा केला, म्हणून पोटॅशियम. त्याची खूण ‘के’ मात्र कॅलियमची. ते आलं अरबी ‘अल्-कली’वरून, आणि तीही खारट झुडपांची राखच. इकडे सुश्रुतसंहितेत क्षारासाठी जाळायच्या झाडांमध्ये पलाश आहे, म्हणजे आपला बांधावरचा पळस.

पोत्यावरचा हिशेबही त्याच राखेच्या काळातला. तेव्हा राखेतली मूलद्रव्यं ऑक्साइडच्या रूपात मोजत, तीच पद्धत टिकली. नत्र तेवढं मूलद्रव्य म्हणूनच मोजतात. डीएपीवर स्फुरद ४६ टक्के लिहितात, त्यात फॉस्फरस जेमतेम २०. १०:२६:२६ च्या ५० किलोंच्या पोत्यात पालाश १३ किलो, पण पोटॅशियम पावणेअकरा किलोच्या आसपास.