तालमीच्या गावात पुलीचं मशीन

आमच्या बडोद्यात व्यायाम म्हटला की जुम्मादादांची तालीम आणि त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव आधी आठवतात. द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' संपादिला तो इथेच. अशा गावात नातवाने घरी केबल-पुलीचं मशीन आणायचं काढलं, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. जोर-बैठका कुठे गेल्या म्हणे!

पण कप्पी काही कालची नव्हे. हार्वर्डच्या हेमेनवे व्यायामशाळेत डडली सार्जंट यांनी १८७९ नंतर दोर, कप्पी नि वजनांची यंत्रं बसवली. हेतू असा, की अशक्त विद्यार्थ्यालाही झेपेल तेवढ्यापासून सुरुवात करता यावी. मला ते फार पटतं. सत्तरीत दुखऱ्या खांद्याने जोर निघत नाहीत हो!

म्हणून पुलीचं प्रमाण आधी विचारा. दोनास एक असेल तर ६० किलोच्या प्लेटा हाताला ३० किलोच लागतात, अन् हात दुप्पट लांब जातो. खांद्याला, छातीला हे उत्तम. एकास एक असेल तर पूर्ण वजन हातावर. पाठीसाठी तरण्या पोरांना तेच आवडतं. नातवालाही तेच हवं होतं. पण पहिली प्लेट ५ किलोची असली तरी दोनास एकात मला अडीचच पडते. शेवटी दोनास एकच ठरलं, त्याच्यासाठी प्लेटा ९० किलोपर्यंत.

भिंतीवर ठोकायचं मशीन मात्र नको म्हटलं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंतीत खिळाही नीट बसत नाही. स्वतःच्या पायावर उभी राहणारी फ्रेमच घेतोय. माळ्याखालची उंची तेवढी मोजायची राहिलीय.