चिखलांत राहिलेलें तेल

सांडलेलें तेल समुद्र पोटांत घेतो आणि उरलेंसुरलें सूक्ष्म जंतु खाऊन टाकतात, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. या समजाची परीक्षा अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका लहानशा खाजणानें घेतली.

१६ सप्टेंबर १९६९ रोजीं बझर्ड्स उपसागरांत ‘फ्लॉरिडा’ नांवाचा तेलवाहू पडाव खडकावर चढला. सुमारें ७ लक्ष लिटर इंधन-तेल सांडलें व वेस्ट फाल्मथजवळील वाइल्ड हार्बर येथील खाजणांत शिरलें. मेलेल्या माशांचा, खेकड्यांचा व शिंपल्यांचा किनाऱ्यावर खच पडला. योगायोग असा कीं, वुड्स होल येथील विख्यात समुद्रविज्ञान-संस्था तेथून जवळच होती. तिच्यांतील मॅक्स ब्लूमर, हॉवर्ड सँडर्स प्रभृति शास्त्रज्ञांनीं लागलीच तपास आरंभिला, आणि पुढच्या पिढीनेंहि तो सोडला नाहीं.

तेलभक्षक जंतु त्या खाजणांत नव्हते असें नाहीं. तेलांतील सरळ साखळीचे घटक त्यांनीं फस्त केले. परंतु फांद्या फुटलेले व कड्यांच्या रचनेचे घटक पचण्यास अवघड असतात. शिवाय खाजणाच्या चिखलांत प्राणवायु जेमतेम वरच्या थरापर्यंतच पोंचतो. त्याखालीं प्राणवायूवांचून जगणाऱ्या जंतूंचें काम फार मंद चालतें. २००० सालीं चिखलाचे उभे नमुने काढले, तेव्हां वीतभर खोलीच्या आंतच तेल सांपडलें.

पुढें याहून नवलाची गोष्ट उघडकीस आली. खनिज तेल कोट्यवधि वर्षांचें जुनें असल्यामुळें त्यांत किरणोत्सर्गी कार्बन उरलेला नसतो. म्हणून जंतूंच्या देहांतील स्निग्ध द्रव्यांचा कार्बन तपासला म्हणजे त्यांनीं काय खाल्लें तें कळतें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशा तपासणींत दिसून आलें कीं, ते जंतु तेलावर नव्हे, तर चिखलांतील नव्या सेंद्रिय द्रव्यावर पोसले जात होते.

खेकड्यांची गतीहि तीच. तेलकट थर टाळण्यासाठीं ते आपलीं बिळें उथळ ठेवीत, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें. खोल बिळांतूनच चिखलांत हवा उतरते. तीं उथळ राहिलीं कीं खालच्या जंतूंना मिळणारा प्राणवायुहि तुटतो.

निसर्गापाशीं झाडलोट करणारे आहेत खरे. पण ताजें अन्न समोर असतां ते जुन्या तेलाकडे वळतीलच, असा करार त्यांनीं कोणाशींहि केलेला नाहीं.