तोफेपासून दुरावलेली नजर

तोफ डागणारा आणि लक्ष्य पाहणारा ही दोन वेगळी माणसे असणे, ही तोफखान्याच्या इतिहासातील तशी अलीकडची गोष्ट आहे. तोफेचा युद्धातील वापर सहा शतकांहून जुना असला, तरी त्यांपैकी बहुतेक काळ गोलंदाज आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या लक्ष्यावरच नेम धरीत होता आणि गोळा कोठे पडला हेही तोच पाहत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही दोन कामे वेगळी होऊ लागली. तोफ टेकडीच्या आडोशाला गेली, नजर टेकडीच्या माथ्यावर राहिली, आणि या दोहोंना जोडण्यासाठी पायदळाबरोबर राहून मारा सुधारीत नेणारा जो अधिकारी आवश्यक ठरला, त्याला आघाडीचा निरीक्षण अधिकारी म्हणतात. तोफखान्याचे बळ तेव्हापासून तोफेच्या पल्ल्याइतकेच या निरीक्षकाच्या जागेवर आणि त्याचा शब्द तोफेपर्यंत पोहोचविणाऱ्या साधनावर अवलंबून राहिले, आणि म्हणूनच विसाव्या शतकात डोंगरमाथ्यांसाठी झालेल्या कित्येक लढाया या मुळात पाहण्याच्या जागेसाठी झालेल्या लढाया होत्या.

निरीक्षक नसताना काय घडत असे, याचे एक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासातच सापडते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने लढाईला तोंड फोडले. परंतु अफगाणांच्या बाजूने उतरलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या आणि लढाई समोरच्या बाजूने पाहिलेल्या काशीराज पंडिताने नोंदविले आहे की मराठ्यांच्या तोफा फार अवजड असल्याने त्यांचा रोख चटकन बदलता येत नव्हता, आणि त्यांचे गोळे लवकरच अफगाण फौजेच्या डोक्यांवरून जाऊन मैलभर मागे पडू लागले. दारूचा धूर, घोड्यांच्या टापांनी उठलेली धूळ आणि मध्ये उभे असलेले स्वतःचे सैन्य यांतून इतक्या दूर पडणारा गोळा तोफेजवळच्या माणसाला दिसणे कठीण होते, आणि जो गोळा दिसत नाही तो सुधारताही येत नाही. ही उणीव केवळ मराठ्यांची नव्हती. जेथे तोफेचा पल्ला गोलंदाजाच्या नजरेपलीकडे जाई, तेथे जगातील कोणत्याही तोफखान्याची हीच गत होत असे.

दिसणाऱ्या लक्ष्यावर सरळ नेम धरून केलेल्या माऱ्याला प्रत्यक्ष मारा म्हणतात. त्यात तोफेला शत्रू दिसतो. परंतु शत्रूलाही तोफ दिसते, आणि बंदुकीचा पल्ला कमी होता तोपर्यंत गोलंदाजाला त्याची फारशी चिंता नव्हती. १८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केल्यावर हे गणित पालटले, कारण लांब पल्ल्याच्या बंदुका घेऊन चरात दडलेले पायदळ आता धुराने स्वतःची जागा उघड न करता तोफांभोवतीची माणसे टिपू शकत होते. बोअर युद्धात १५ डिसेंबर १८९९ रोजी कोलेन्झो येथे ब्रिटिशांच्या कर्नल लाँगने बारा तोफा पायदळाच्याही पुढे नेऊन तुगेला नदीजवळच्या उघड्या मैदानात मांडल्या. बोअरांच्या माउझर बंदुकांनी त्यांवरील गोलंदाज निकामी केले आणि बारांपैकी दहा तोफा शत्रूच्या हाती पडल्या. लक्ष्यासमोर उघड्यावर तोफ मांडण्याच्या परंपरेची एवढी जबर किंमत तोपर्यंत क्वचितच मोजली गेली होती.

यावरचा उपाय त्याआधीच कागदावर मांडला गेला होता. रशियन तोफखान्यातील कार्ल गुक या अधिकाऱ्याने १८८२ मध्ये मैदानी तोफांच्या अप्रत्यक्ष माऱ्याविषयी, म्हणजे तोफेवरून न दिसणाऱ्या लक्ष्यावरील माऱ्याविषयी, विवेचन प्रसिद्ध केले. या पद्धतीचे मर्म असे की तोफेला लक्ष्य दिसले नाही तरी चालते. दूरचा एखादा मनोरा, झाड किंवा जमिनीत रोवलेला खांब यांसारखी एक स्थिर खूण दिसली आणि त्या खुणेपासून लक्ष्य किती अंशांनी डावीकडे वा उजवीकडे आहे हे कळले, की तेवढा कोन वळवून तोफेचा रोख धरता येतो आणि नळी अंतरानुसार उचलता येते. हे कोन अचूक मोजणाऱ्या आणि सभोवार फिरू शकणाऱ्या दुर्बिणी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आल्या, तर १८९७ च्या ७५ मिलिमीटर फ्रेंच तोफेने तेल आणि दाबलेली हवा यांच्या साहाय्याने धक्का जिरवून दुसरी अडचण दूर केली. पूर्वी प्रत्येक बारानंतर तोफ मागे हटे आणि नेम नव्याने धरावा लागे. आता तोफ जागेवरच स्थिर राहू लागल्यामुळे आधीच्या गोळ्यात नेमकी किती दुरुस्ती करायची, या प्रश्नाला प्रथमच अर्थ आला.

या दुरुस्तीसाठी लागणाऱ्या जागेचे मोल रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरच्या वेढ्याने जगाला दाखविले. जपानी सैन्याने आपल्या किनारपट्टीच्या संरक्षणासाठी बसविलेल्या २८ सेंटिमीटर व्यासाच्या १८ अवजड हाऊत्झर तोफा तेथे आणल्या होत्या आणि त्यांचा एकेक गोळा २१७ किलो वजनाचा होता. तरीही डोंगरांआड बंदरात नांगरलेल्या रशियन आरमारावर केलेला मारा पडतो कोठे हे नीट दिसत नसल्याने त्या तोफांचे सामर्थ्य बव्हंशी वाया जात होते. बंदर दृष्टिपथात आणणारी टेकडी तिच्या उंचीवरून ‘२०३ मीटर टेकडी’ या नावाने ओळखली जाई. ती घेण्यासाठी जनरल नोगी यांच्या फौजेने हजारो सैनिक गमावले, खुद्द नोगींचा धाकटा मुलगा त्या लढाईत मारला गेला, आणि ५ डिसेंबर १९०४ रोजी टेकडी हाती येताच तिच्यावर निरीक्षक बसविण्यात आले. त्यांनी दूरध्वनीवरून दिलेल्या दुरुस्त्यांच्या आधारे पुढील चार-पाच दिवसांत पोल्तावा, रेत्विझान, पोबेदा आणि पेरेस्व्येत या युद्धनौका बंदरातच बुडाल्या. तोफा, गोळे आणि गोलंदाज आधीचेच होते. नवी होती ती केवळ टेकडीवरची नजर.

निरीक्षक मारा सुधारतो म्हणजे नेमके काय करतो, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. माणसाच्या डोळ्याला डावे-उजवे अंतर सहज कळते, परंतु पुढचे-मागचे अंतर ओळखण्यात तो फसतो. म्हणून निरीक्षक प्रथम आपल्या नजरेच्या रेषेवर गोळा आणवून घेतो आणि मगच तो पुढे पडला की मागे याचा निर्णय करतो. धूर लक्ष्याच्या अलीकडे उठला तर लक्ष्य त्याआड झाकले जाते, पलीकडे उठला तर लक्ष्य धुराच्या पडद्यावर ठळक उमटते. पलीकडे पडलेल्या गोळ्यानंतर तो अंदाजाने थोडेसे अंतर कमी करीत नाही, तर पुढचा गोळा निश्चितपणे अलीकडे पडेल इतकी मोठी, उदाहरणार्थ ४०० मीटरांची, दुरुस्ती देतो. लक्ष्य असे दोन गोळ्यांच्या मध्ये कोंडले गेले की तो हे अंतर दरवेळी निम्मे करीत २००, १०० आणि ५० मीटरांपर्यंत आणतो. एकाच कोनात डागलेले गोळेही हवा, दारू आणि नळीची झीज यांमुळे काहीसे विखरून पडत असल्याने याहून बारीक दुरुस्तीला अर्थ उरत नाही; तेव्हा एका तोफेने शोधून काढलेली ही दुरुस्ती सर्व तोफांना लागू करून खरा मारा सुरू होतो. बाजूचे अंतर मोजण्यासाठी वर्तुळाचे ६४०० भाग पाडून केलेले ‘मिल’ हे एकक वापरले जाते, कारण एक मिलचा कोन हजार मीटरांवर सुमारे एक मीटर रुंदी दाखवितो आणि हिशेब तोंडी करता येतो.

या पद्धतीत एक गुंता होता. निरीक्षक तोफेच्या सरळ पुढे नसून बाजूला असेल, तर त्याला डावीकडे दिसणारा गोळा तोफेच्या दृष्टीने आखूड पडलेला असू शकतो. पूर्वी तोफेच्या बाजूने पाहून काय दिसेल याचे रूपांतर निरीक्षकाला शत्रूच्या माऱ्याखाली मनातल्या मनात करावे लागे; दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र निरीक्षकाने आपल्याला दिसते तसेच सांगावे आणि त्याचे रूपांतर तोफांच्या तळावरील गणकांनी करावे, ही रीत सर्वत्र रूढ झाली.

पहिल्या महायुद्धात नजर आणि तोफ यांमधला दुवाच सर्वांत कच्चा ठरला. दूरध्वनीच्या तारा शत्रूच्या गोळ्यांनी वारंवार तुटत, त्या जोडण्यासाठी माणसे रात्रंदिवस चरांबाहेर रांगत, आणि अखेरीस या तारा सहा फूट खोल पुराव्या लागल्या. १९१४ पासून ब्रिटिशांनी विमानात बिनतारी यंत्र बसवून वरून निरीक्षण सुरू केले. वैमानिकाला सूक्ष्म वर्णनासाठी वेळ नसल्याने लुइस आणि जेम्स या अधिकाऱ्यांनी विमान-निरीक्षणाला जे वळण दिले, त्यातून घड्याळाची एक सांकेतिक भाषा रूढ झाली: लक्ष्य घड्याळाच्या मध्यावर आणि बाराचा आकडा उत्तरेला मानायचा, मध्याभोवतीच्या वर्तुळांना अंतरानुसार अक्षरे द्यायची, आणि ‘ए-३’ एवढाच संदेश पाठवून गोळा पूर्वेला ५० यार्डांवर पडल्याचे कळवायचे. विमानाला उत्तर मिळत नसे, म्हणून तळावरचे सैनिक जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या मांडून खुणा करीत.

तथापि मारा सुधारीत बसण्यात एक मूलभूत तोटा होता: पहिला गोळा पडताच शत्रू सावध होत असे. त्यामुळे सर्वेक्षण, हवामानाची मोजणी आणि प्रत्येक तोफेच्या नळीची चाचणी यांच्या आधारे आधी एकही गोळा न टाकता नेम ठरविण्याचे प्रयत्न झाले, आणि २० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रे येथे ब्रिटिशांच्या १,००३ तोफांनी असा पूर्वगणित मारा अचानक सुरू केला. शत्रूच्या तोफांचे ठिकाण आवाजावरून शोधण्याच्या तंत्राला विल्यम लॉरेन्स ब्रॅग या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने याच युद्धात आकार दिला. परंतु गणिताने नकाशावरची जागा गाठता येते, हलणारा शत्रू नव्हे. हल्ला सुरू होऊन पायदळ पुढे सरकले की पुन्हा निरीक्षकाचीच गरज भासे.

दुसऱ्या महायुद्धात बिनतारी यंत्र निरीक्षकाच्या पाठीवर आणि गाडीत आले, आणि निरीक्षकाच्या अधिकाराचा प्रश्न पुढे आला. अमेरिकन सैन्याने १९३० च्या दशकात फोर्ट सिल येथे मारा-नियंत्रण केंद्राची पद्धत घडविली. तीत निरीक्षक हा बहुधा कनिष्ठ अधिकारी असून तो माऱ्याची मागणी करतो आणि निर्णय केंद्र घेते. ब्रिटिश पद्धतीत उलट, बॅटरीचा प्रमुख स्वतः पायदळाबरोबर पुढे राहतो आणि तोफा कनिष्ठाच्या हवाली असतात, म्हणून पुढून येणारा शब्द हा विनंती नसून हुकूम असतो. ‘माइक’ हा संकेत उच्चारताच रेजिमेंटच्या २५-पौंडी अशा २४ तोफा आणि ‘अंकल’ म्हणताच संपूर्ण डिव्हिजनच्या तोफा काही मिनिटांत एका लक्ष्यावर वळत. भारतीय तोफखान्याने हीच ब्रिटिश परंपरा स्वीकारली. त्याचा स्थापना दिन २८ सप्टेंबर हा १८२७ मध्ये मुंबई इलाख्याच्या गोलंदाज पलटणीत उभारलेल्या तुकडीच्या, म्हणजे आजच्या पाचव्या बॉम्बे माउंटन बॅटरीच्या, स्थापनेवरून ठरला आहे, आणि निरीक्षकांचे शिक्षण नाशिकजवळ देवळाली येथील तोफखाना विद्यालयात होते.

या परंपरेची सर्वांत कठीण कसोटी १९९९ मध्ये कारगिलला लागली. त्या युद्धाचे मूळच निरीक्षणात होते: द्रास आणि कारगिलवरच्या शिखरांवर बसलेल्या पाकिस्तानी निरीक्षकांना श्रीनगर-लेह महामार्ग उघडा दिसत होता, आणि मे महिन्याच्या आरंभीच कारगिल येथील भारतीय दारूगोळ्याचे कोठार शत्रूच्या तोफमाऱ्याने उद्ध्वस्त झाले. भारतीय निरीक्षकांना पायदळाच्या चढाईबरोबर चढावे लागले, आणि डोंगरात मारा सुधारण्याच्या अडचणी मैदानाहून वेगळ्या होत्या. अरुंद कड्यावरून काही मीटर पलीकडे गेलेला गोळा दरीत नाहीसा होतो, त्याचा धूरही दिसत नाही, आणि तो किती चुकला हे सांगणेच अशक्य होते. शिवाय विरळ हवेत गोळा मैदानापेक्षा दूर जात असल्याने सपाटीवरची कोष्टके जशीच्या तशी उपयोगी पडत नव्हती. या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली, आणि शिखरावरील चढाईच्या अखेरच्या टप्प्यात पायदळ शत्रूच्या अगदी जवळ पोहोचेपर्यंत मारा चालू ठेवून योग्य क्षणी तो पुढे सरकविण्याची जबाबदारी त्या पायदळाबरोबरच्या निरीक्षकावर होती.

लेसर अंतरमापक, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आणि चालकरहित विमाने यांमुळे लक्ष्याला दोन गोळ्यांमध्ये कोंडण्याची मेहनत आता पुष्कळ कमी झाली आहे, आणि पहिलाच गोळा लक्ष्यावर पडणे ही अपेक्षा ठरली आहे. परंतु समोर दिसते ते शत्रूचे मोर्चे आहेत की आपलेच सैनिक, आणि मारा कोणत्या क्षणी थांबवायचा, हा निर्णय यंत्रावर सोपविलेला नाही. २०२२ च्या जुलैमध्ये द्रासजवळच्या ५१४० मीटर उंचीच्या शिखराला तोफखान्याच्या गौरवार्थ ‘गन हिल’ असे नाव देण्यात आले. कारगिलच्या युद्धात तोफा या शिखरावर कधीच नव्हत्या. त्या खाली दरीत होत्या, आणि पायदळाबरोबर चढाईवर जाणारी तोफखान्याची माणसे होती ती निरीक्षकांची.