टकटकीचा इतिहास

बी. कॉम.च्या पदवीचा मला आयुष्यात एकदाच खराखुरा उपयोग झाला. तोही बँकेत नव्हे, असोद्याला. मामांच्या मोटारीच्या बॉनेटखाली डोकं घालून उभा असताना.

असोदा जळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. (हाक मात्र खानदेशी हवी.) बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून गावाचं नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि भरताच्या वांग्यांसाठी साऱ्या जिल्ह्याला. मामांच्या मते गावाचं तिसरं भूषण त्यांच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभं असतं. ते म्हणजे १९७२ सालची ॲम्बेसिडर, मार्क टू. एका वर्षी कपाशीला बरा भाव मिळाला तेव्हा आजोबांनी ती जुनीच विकत घेतली. माझी आई याच गाडीतून सासरी गेली आणि पहिल्या बाळंतपणाला याच गाडीतून माहेरी आली. म्हणजे मी या गाडीचा जन्माच्याही आधीपासूनचा प्रवासी आहे.

गाडी पन्नाशीची झाली तेव्हा कोणीतरी मामांना सांगितलं, की २०२१ सालापासून असा नियम झाला आहे, पन्नास वर्षांवरच्या मोटारीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर मिळतो. फी वीस हजार रुपये. आणि मग ती रोजच्या कामाला वापरायची नाही.

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो," मामा म्हणाले, "मला कोणी फुकट तरी व्हिंटेज म्हणतं का? उलट रोजच्या कामाला लावतात." तो विषय तिथेच संपला.

पुढच्या हिवाळ्यात गाडी टकटक करू लागली. सुरू केली, की आतून कोणीतरी दार ठोठावतंय असं वाटे. मामींना ऐकू येई, शेजाऱ्यांना ऐकू येई, गोठ्यातली म्हैससुद्धा कान टवकारी. ऐकू येत नसे ते एकट्या मामांना. कारण मामांना गेली पाच-सहा वर्षं काहीच नीट ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलेलं आहे. त्याचा सेल संपू नये म्हणून ते कपाटात असतं. पुण्याच्या मामेभावाने फोनवरूनच निदान केलं, "इंजिन गेलं. भंगारात द्या." रविवारी भंगारवाला येणार असं ठरलं आणि शुक्रवारी मामींचा मला फोन आला, "तू बँकेत आहेस, तुला हिशेब कळतो. ये आणि तुझ्या मामांना समजाव."

मी समजावायला गेलो आणि तिथे उस्ताद भेटले.

उस्ताद जळगावचे जुने मिस्त्री. त्यांनी इंजिन चालू ठेवलं, एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक रॉकरच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डॉक्टरसारखे डोळे मिटले. झाकणावर पुढून मागे सरकत सरकत एका जागी थांबले. "सहा नंबर. टॅपेट."

मामा म्हणाले, "कशाचा आवाज? काही आवाज नाही."

उस्तादांनी काही न बोलता स्क्रू ड्रायव्हरची मूठ मामांच्या कानामागे लावली. मामांचा चेहरा मी विसरणार नाही. पाच वर्षांत न दिसलेला पाहुणा अचानक दारात यावा तसे ते दचकले. "अरे भो," ते हळूच म्हणाले, "ही तर केव्हाची हाक मारून राहिली!"

आता हा टॅपेट म्हणजे कोण, ते सांगायला हवं. इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा फिरत असतो. त्याला आठ उंचवटे. उंचवटा वर आला, की त्याच्यावर बसलेला अंगठ्याएवढा पोलादी तुकडा उचलला जातो, तो टॅपेट. टॅपेट पुश रॉडला ढकलतो, पुश रॉड रॉकरला ढकलतो आणि रॉकर झडप उघडतो. साहेबाने हेडक्लार्कला सांगावं, हेडक्लार्कने क्लार्कला, क्लार्कने शिपायाला, आणि शेवटी खिडकी उघडावी, असा हा मामला आहे. फरक एवढाच, की इथे खिडकी मिनिटाला हजारदा उघडते.

टॅपेटचं घराणं मोटारीपेक्षा फार जुनं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याच्या चाकावर भात सडत. फिरत्या दांड्याचा खुंटा मुसळाला उचलायचा आणि सोडून द्यायचा. पुढे युरोपात खाणीतला दगड कुटायला अशाच गिरण्या आल्या. त्यांत उभ्या मुसळाच्या दांड्यावर जो गळपट्टा असे आणि ज्याला धरून कॅम मुसळ उचले, त्या गळपट्ट्याचं नाव टॅपेट. मामी अंगणात लाकडी बडगीत भरीत ठेचत होत्या, त्या कामात आणि माझ्यासमोरच्या इंजिनात तत्त्वतः काही फरक नाही, हे मी त्यांना सांगितलं. "मग त्या इंजिनालाच सांग भरीत करायला," त्या म्हणाल्या.

अगदी पहिल्या मोटारींत तर हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपेला टॅपेट नव्हताच. पिस्टन खाली जाताना जी ओढ निर्माण होई, तिनेच ती झडप उघडे. मर्जीचा कारभार. मग दोन्ही झडपा कॅमच्या हुकमाखाली आल्या, पण बाजूला, इंजिनाच्या कुशीत. झडपा डोक्यावर आणि कॅम पोटात, मध्ये पुश रॉड, ही वरच्या मजल्याची बांधणी ब्यूइकने १९०४ साली विकायला आणली. १९३० साली कॅडिलॅकने सोळा सिलिंडरांच्या गाडीत असा टॅपेट बसवला, की तो तेलाच्या दाबाने आपली फट आपणच भरून काढे. टकटक बंद. अमेरिकेत टॅपेटसुद्धा स्वावलंबी झाला.

आपल्याकडे काय झालं? हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली गुजरातेत ओख्याला सुरू झाली आणि १९४८ साली कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली. इकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर काढली आणि कुर्ल्याला मोटारी जुळवायला घेतल्या. (पन्नाशीतल्या तिथल्या फियाटला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' हे नाव दिलं. प्रेमाने, असं म्हणतात.) १९५३ साली सरकारने सांगितलं, की नुसते सुटे भाग आणून गाडी जुळवायची असेल तर घरी जा, त्याबरोबर फोर्ड आणि जनरल मोटर्स घरी गेल्या. राहिलेल्या मोजक्या कारखान्यांपैकी उत्तरपाड्याने विलायतेच्या मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती १९५७ साली 'ॲम्बेसिडर' म्हणून काढली. सुरुवातीला तिच्या झडपा कुशीतच होत्या. १९५९ साली तिला १४८९ सीसीचं पुश रॉडवालं नवं इंजिन मिळालं. नवं म्हणजे आपल्याला नवं. तेच इंजिन विलायतेत एमजीए नावाच्या उघड्या स्पोर्ट्स गाडीत घालून तिकडची तरुण पोरं हिंडत होती. आपल्याकडे त्यात कलेक्टर बसले.

विलायतेने ते इंजिन सोडून दिलं. आपण सोडलं नाही. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या गिऱ्हाइकाला, 'यात नवीन काय?' असं विचारायची छाती नव्हती. १९८३च्या डिसेंबरात मारुती आली. तिचा कॅमशाफ्ट डोक्यावरच होता, त्यामुळे पुश रॉड नाही आणि पोटातला टॅपेटही नाही. तरी ॲम्बेसिडर निघतच राहिली, ती थेट मे २०१४ पर्यंत. यावर अर्थशास्त्राचे प्राध्यापक जे बोलतात ते मी परीक्षेत लिहिलेलं आहे आणि त्याला मार्कही मिळाले आहेत. पण त्या शुक्रवारी उस्तादांनी पत्र्याच्या डब्यातून ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला कोरा टॅपेट काढला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणत्या सालचा?"

"सालाचं काय करायचं?" उस्ताद म्हणाले. "माप हेच."

मी प्राध्यापकांना मनातल्या मनात दोन मार्क कमी केले.

शनिवारी सकाळी इंजिन उघडलं. वाटतं तेवढं सोपं नाही ते. रॉकरचा दांडा धरून ठेवणारे काही नट हेडसुद्धा धरून ठेवतात. म्हणून आधी पाणी काढायचं आणि मग हेडचे सगळेच नट थोडे थोडे सैल करायचे. एकदम चार काढले तर हेड वाकडं होतं. (हे आमच्या शाखेतही पाहिलेलं आहे.) मग कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, आणि त्यांच्यामागे इंजिनाच्या कुशीवरची दोन झाकणं. ती काढली, की टॅपेट दिसतात. पुश रॉड उपसायचे आणि टॅपेट बोटांनी अलगद उचलायचे.

"प्रत्येकाचं घर वेगळं ठेवा," उस्तादांनी बजावलं. जुना टॅपेट त्याच्या उंचवट्याबरोबर इतकी वर्षं झिजलेला असतो, की त्याला दुसऱ्याच्या उंचवट्यावर बसवलं तर दोघंही लवकर खलास होतात. मी आमच्या बँकेच्या जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडली, वर सुवाच्य अक्षरात नंबर घातले आणि टॅपेट एकेक करून त्यांत उभे केले. सहावा मिळाला तेव्हा रोग दिसला. तळाला खळगा पडला होता. टॅपेट उचलला जाताना जागच्या जागी थोडाथोडा फिरत राहावा अशी रचना असते. फिरला, की सगळीकडून सारखा झिजतो. हा फिरायचा थांबला आणि एकाच जागी घासत बसला. बँका आमच्या बदल्या का करतात याचं इतकं पटणारं स्पष्टीकरण मला वीस वर्षांत मिळालं नव्हतं. उस्तादांनी भोकातून बोट घालून उंचवटा चाचपला, बॅटरीच्या उजेडात पाहिला. तो शाबूत होता.

"मग एकच बदला," मामा म्हणाले. त्यांना पैशाचं बोलणं ऐकू येतं.

बसवताना गोंधळ झाला. तीन टॅपेट आत गेल्यावर उस्ताद थबकले. ते रेडिएटरकडून मोजत होते. मी स्टिअरिंगच्या बाजूला उभा होतो, म्हणून माझा एक नंबर तिकडचा. माझा पहिला म्हणजे त्यांचा आठवा, माझा दुसरा म्हणजे सातवा. मी पुठ्ठ्याकडे बघत राहिलो. काहीही करा, बेरीज नऊ!

मी बँकेत लागलो तेव्हा लेजरं जाऊन संगणक येत होते. पण आमच्या जुन्या हेडकॅशियरांनी मला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवली. टॅली लागत नसेल तर फरकाला नवाने भागून बघ. भाग गेला तर बहुधा कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत, पंचेचाळीसचे चोपन्न. तो नऊ असा असोद्याला येऊन भेटेल असं वाटलं नव्हतं. आम्ही तिन्ही टॅपेट परत काढले, नवातून वजा केले आणि ज्याच्या त्याच्या घरी पाठवले.

गंमत म्हणजे उस्तादांचं पुढचं कामही नवाचंच निघालं. सगळं परत जोडून झाल्यावर रॉकर आणि झडप यांच्यात फट ठेवायची असते, इंचाचे पंधरा हजारांश. तापलं, की लोखंड वाढतं. फट नसेल तर झडप पुरती मिटत नाही आणि जळून जाते. म्हणून थोडी टकटक हवीच. टॅपेट अगदी गप्प झाला तर समजावं, आत काहीतरी जळतंय. (हे मी घरी सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "आत्ता कळलं?") ही फट मोजायची तर झडप पुरती मिटलेली हवी, आणि ते ओळखायचा हिशेब असा: पहिल्या झडपेची फट मोजताना आठवी पुरती उघडी हवी, तिसरीची मोजताना सहावी, पाचवीची मोजताना चौथी. बेरीज नऊ. मामा हँडल मारत होते, मी ओरडत होतो, "तिसरी उघडली, सहावी धरा!" आणि उस्ताद फिलर गेजची पाती सरकवत होते. मोटारीतलं मला काही कळत नाही, पण त्या दुपारी माझी एकही चूक झाली नाही.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. आठही टॅपेट हलकेच, एका सुरात बोलत होते. मामींनी तीन हाका मारल्यावर आम्ही जेवायला बसलो. भरीत, कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा. रविवारी भंगारवाला आला तेव्हा मामा त्याला गाडीत बसवून जळगावला सोडून आले.

स्क्रू ड्रायव्हर मात्र त्या दिवसापासून असोद्यालाच आहे. मागच्या खेपेला गेलो तेव्हा मामा ओसरीवर डोळे मिटून बसले होते. टोक रेडिओच्या लाकडी पेटीवर टेकवलेलं, मूठ कानामागे, आणि आकाशवाणी जळगाव चालू. उस्ताद महिन्यातून एकदा येतात आणि आपला स्क्रू ड्रायव्हर परत मागतात. मामांना ते ऐकू येत नाही.