हाडसांधी ते पाव फेरा

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुंपणांवर एक चौकोनी, पेरापेरांची वेल चढलेली दिसते. तमिळ घरांत ती पिरंडै. तिची चटणी भाताशी खातात. मराठीत तिला हाडसांधी म्हणतात. पेरं जशी सांध्यांनी जोडलेली, तसं मोडलेलं हाड जुळावं, ही आशाच त्या नावात आहे.

सुश्रुतसंहितेत लांब हाडांच्या मोडीचे 12 प्रकार सांगितले आहेत. मोड बसवून वर बांबू किंवा वड, पिंपळ, उंबराच्या सालींच्या कामट्या बांधायच्या. तंजावरात सरफोजीराजांनी (राज्यकाळ 1798–1832) धन्वंतरी महालात सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र आणलं. डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी त्यांनी ठेवून घेतल्या. रोग्याकडून शिकण्याची ही शिस्त पुढे हाडांच्या कामालाही लागणारच होती.

कारण कामटी मोड सांधते. गेलेला तुकडा परत आणत नाही. चाकाखाली नडगी चिरडली, जखमेत पू झाला, की मेलेलं हाड काढावंच लागतं आणि मधे कित्येक सेंटिमीटर पोकळी उरते. अशा वेळी अनेकांचा पाय कापावा लागे. 1880 च्या सुमारास ग्लासगोत विल्यम मॅकेवेन यांनी एका मुलाच्या दंडातली अशी पोकळी दुसऱ्या रुग्णांच्या हाडांचे तुकडे बसवून भरली.

मोठी कलाटणी मिळाली ती 1950 च्या दशकात, सैबेरियातल्या कुर्गानमध्ये. गावरिल इलिझारोव्ह यांनी पायाभोवती पोलादी कडी बसवली, ताणलेल्या तारा हाडातून आरपार नेल्या. मग निरोगी भागात हाड कापून तो तुकडा हळूहळू पोकळीकडे सरकवायचा. नट दिवसातून चार वेळा पाव फेरा, म्हणजे दिवसाला 1 मिलिमीटर. मागे राहणाऱ्या फटीत नवं हाड धरतं. 6 सेंटिमीटरला 60 दिवस लागतात. ते टणक व्हायला आणखी कित्येक महिने. मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी ही पद्धत भारतात रुजवायला मोठा हातभार लावला.

कामटी असो वा कडं, हाड वाढतं ते स्वतःच. शल्यविशारद त्याला आधार देतो, दिशा देतो. पण नट फिरवायचा, तारांची भोकं स्वच्छ ठेवायची, ते घरी. म्हणून गावकऱ्यांना एवढंच सांगणं : हाड उघडं पडलं तर तेलपट्टी बांधत बसू नका, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. आणि कड्यांची चौकट बसलीच, तर रोजचे चारही पाव फेरे चुकवू नका.