पडद्यामागची गिटार

आज सुरुवातीला एक प्रश्न विचारते, भाकरी थापता थापता उत्तर द्या. 'दम मारो दम' कुणी गायलं? आशाताईंनी. संगीत कुणाचं? आर. डी. बर्मन यांचं. आणि गाणं सुरू व्हायच्या आधी जी गिटार वाजते, ती कुणाची?

इथं बहुतेक सगळ्या गप्प होतात. मीही झाले होते.

ती गिटार भूपिंदर सिंग यांची. आज त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या आधी मुंबईच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यं आणणाऱ्या लोकांविषयी बोलू.

त्यासाठी थोडं मागं, गोव्यात जावं लागेल. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. पण गावात पोट भरेना, म्हणून ही मुलं मुंबई गाठायची. तेव्हा मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत 'स्विंग' नावाचं अमेरिकन नाचाचं संगीत जोरात होतं. त्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन पुढं असत, गिटार मागं बसून ठेका धरायची. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे असेच मुंबईत आले आणि 'चिक चॉकलेट' या नावानं गाजले. ट्रम्पेट असं वाजवायचे, की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पुढं १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. नाचगाण्याच्या जागांची रया गेली आणि हे वादक अधिकाधिक सिनेमाकडं वळले. तिथं त्यांची गरजच होती. संगीतकार पेटीवर चाल बसवायचा. ती कागदावर उतरवून पन्नास जणांना वाजवता येईल अशी मांडायची, तर स्वरलिपी येणारा माणूस हवा. ते काम अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा गोव्याच्या मंडळींनी केलं.

आपले सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर. त्यांनी चिक चॉकलेटना हाताशी घेतलं. १९५१ चा 'अलबेला' आठवतो ना? भगवानदादा आणि गीता बाली. त्यात चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. 'शोला जो भड़के' लागलं, की आजही लग्नात पाहुण्यांचे पाय हलतात.

तिकडं अमेरिकेत १९५४ च्या सुमाराला 'रॉकाबिली' नावाचं नवं संगीत आलं. गोऱ्या खेडुतांची गाणी आणि काळ्या लोकांचं ब्लूज यांचं ते मिश्रण. त्यात गिटार मागची पुढं आली. एल्विस प्रेसलीचं नाव जगाला ठाऊक झालं. त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर गिटार वाजवणारे स्कॉटी मूर मात्र फार थोड्यांना माहीत. हा वारा इकडंही आला. १९५७ च्या 'आशा' सिनेमात सी. रामचंद्रांनी 'ईना मीना डीका' दिलं, एकदा किशोरकुमारांच्या आवाजात आणि एकदा आशाताईंच्या.

आता भूपिंदर सिंग. जन्म १९४० चा. वडील संगीत शिकवणारे आणि शिस्तीचे कडक. दिल्लीच्या आकाशवाणीवर ते गात आणि गिटार वाजवत. तिथं मदनमोहन यांनी त्यांना ऐकलं आणि मुंबईला बोलावून घेतलं. १९६४ च्या 'हकीकत'मध्ये ते रफी, तलत आणि मन्ना डे यांच्याबरोबर गायले. १९६६ च्या 'आखरी खत'मध्ये 'रुत जवाँ जवाँ' हे हॉटेलातलं गाणं आहे. जमलं तर ते जरूर पाहा. गाणारा तरुण भूपिंदर आहे आणि ट्रम्पेट वाजवताहेत चिक चॉकलेट. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, चिक वारले.

भूपिंदर यांनी स्टुडिओत गिटार धरली ती पुढं अनेक वर्षं. १९७१ चं 'दम मारो दम', १९७३ चं 'चुरा लिया है तुमने'. दोन्ही गाणी सुरू होताच आपण ओळखतो, ती गिटारवरूनच.

हे काम सोपं नव्हतं. जुन्या काळी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवत. शेवटच्या ओळीला एकाचं बोट घसरलं, तरी सगळं पहिल्यापासून. आणि पैसे त्या दिवसाचे. पुढं रेकॉर्ड कितीही खपो, वादकाला त्यातलं काही मिळत नसे. रोजगारानं भांगलायला जाणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको. ऊस कुणाच्या नावावर जातो, हे तिला माहीत असतं.

नावाचं म्हणाल, तर गायिकांनाही ते सहज मिळालं नाही. १९४९ च्या 'महल'च्या रेकॉर्डवर लताबाईंच्या जागी 'कामिनी' छापलं होतं. ते सिनेमातल्या पात्राचं नाव! पुढं लताबाईंनी आग्रह धरला, गायकांची नावं छापली जाऊ लागली, रेडिओवर सांगितली जाऊ लागली. वादकांची मात्र राहूनच गेली. अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी पोचलं, ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळं. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना केलेला तो नमस्कार होता. पण ऐकणाऱ्या कितीजणींना वाटलं, की असा खरा माणूस आहे?

पुढं सिंथेसायझर आला. एका पेटीतून पन्नास वाद्यांचा आवाज निघू लागला आणि हे मोठे वाद्यवृंद विरत गेले. भूपिंदर गायक म्हणून लोकांच्या मनात राहिले. लताबाईंबरोबर 'नाम गुम जाएगा' गाणारे तेच. २०२२ साली ते गेले, तेव्हा सगळ्यांनी त्यांची गाणी आठवली, गिटार थोड्यांनीच.

आपल्या शेजारी वारणानगरात तात्यासाहेब कोऱ्यांनी खेड्यातल्या मुलामुलींच्या हाती वाद्यं दिली, बालवाद्यवृंद उभा केला. कोडोलीच्या भजनात, लग्नाच्या बँडात, हलगीच्या ताफ्यातही वाजवणारे हात आहेतच. आपण गाणारीचं कौतुक करतो, पेटीवाल्याचं नाव विचारत नाही.

तर या आठवड्यात एवढं करा. तुमच्या गल्लीत, माहेरी, सासरी जे कुणी वाद्य वाजवत होते किंवा वाजवतात, त्यांचं नाव आणि वाद्य एका वहीत लिहा. जी माणसं हयात आहेत, त्यांना विचारून लिहा. घरातल्या म्हाताऱ्यांना आठवतंय तोवर लिहा. येत्या गुरुवारी वही घेऊन या. ती नावं आपण आपल्या रेडिओवरून वाचून दाखवू.