अठरा दिवस

तीन पत्तीत हलक्या पानांवर चाल वाढवणं सोपं. समोरच्यानं ओळखलं हे कळताच पॅक होणं अवघड. आमच्या वऱ्हाडातल्या १८०३च्या युद्धाकडे मी याच नजरेनं पाहतो.

नोव्हेंबरात वेलस्लीनं शिंद्यांशी युद्धबंदी केली, नागपूरकर भोसल्यांशी नाही. तरी अकोल्याकडच्या अडगावला शिंद्यांचं घोडदळ भोसल्यांच्या फौजेशेजारी उभं राहिलं. युद्धबंदीच्या आडोशानं दोघंही निभावतील, असा तो डाव मला दिसतो. वेलस्ली फसला नाही. २९ नोव्हेंबरला त्यानं हल्ला करून लढाई जिंकली.

पानं तिथंच उघडी पडली होती. तरी चाल चालू राहिली, ती मेळघाटातल्या गाविलगडावर. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याची कितीतरी माणसं मारली गेली. १७ तारखेला रघूजी भोसल्यांनी देवगावला तह केला. कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे राहिले.

पूर्वी हा तह मला भित्रेपणा वाटायचा. आता वाटतं, भोसले पॅक झाले ते बरंच झालं, फक्त उशिरा. अडगाव ते देवगाव अठरा दिवस. त्यांची रक्कम बेनीसिंगानं भरली.